दिवा लागला म्हणजे तार चांगली नव्हे: रास्पबेरी पायचं लॅन तपासताना

"लाइट लागेल शे, पन नेट चालत नही." खानदेशात चाळीसगावापासून शहाद्यापर्यंत तक्रार बहुधा याच शब्दांत येते. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक कुठे केळीच्या रायपनिंग चेंबरचं (पिकवण्याच्या खोलीचं) तापमान नोंदवत असतो, कुठे ठिबकचे व्हॉल्व्ह उघडत असतो, कुठे शाळेच्या कपाटात फाइल सर्व्हर म्हणून बसवलेला असतो. वाक्याचा दुसरा अर्धा भाग खरा असतो. फसवतो तो पहिला. लॅनच्या जॅकवरचा दिवा एवढंच सांगतो की तारेच्या दोन टोकांच्या चिपना एकमेकींची चाहूल लागली. आठही तारा जागेवर आहेत, पायला नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता मिळालाय, राउटरच्या पलीकडे वाट मोकळी आहे, यातलं काहीच तो सांगत नाही.

यापुढे नुसतं 'पाय' म्हणू. मराठीत ते जरा विचित्र वाचलं जाईल, पण बोलताना सगळे तेच म्हणतात. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची आणि सेटिंग बदलणाऱ्या कमांडच्या आधी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावायचं.

सुरुवात 'आयपी लिंक' या कमांडने करा. तीन शक्यता असतात आणि तिन्हींचे रस्ते वेगळे. यादीत ईथ-० (पायच्या लॅनचं नाव; टाइप करताना ईटीएच आणि शून्य, मधली रेघ नाही) हे नावच नसेल, तर पायला स्वतःची लॅन चिप दिसत नाहीये. तार बदलून उपयोग नाही. नाव आहे पण शेजारी 'नो-कॅरियर' लिहिलंय, तर तार, कनेक्टर किंवा समोरचं पोर्ट. 'लोअर-अप' दिसत असेल, तर विजेच्या पातळीवर गाठ पडली आहे. मग वेग, पत्ता आणि वाट बघायची. काही दुसऱ्या सिस्टिममध्ये ईथ-० च्या जागी एंड-० असं नाव दिसतं, त्याने गोंधळू नका.

नावच गायब असण्याचा प्रकार जुन्या पायवर जास्त. मॉडेल १-बी, २-बी आणि ३-बी यांत लॅन स्वतंत्र नाही. यूएसबी हब आणि लॅन एकाच चिपमध्ये आहेत आणि ती चिप यूएसबी २.० वरून प्रोसेसरला जोडलेली आहे. व्होल्टेज क्षणभर दबलं की ही चिप यूएसबीवरून सुटते आणि तिच्याबरोबर लॅनही जातं. ३-बी-प्लसमध्ये लॅन गिगाबिट (१००० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला मेगाबिट) झालं, पण वाट यूएसबी २.० चीच राहिली, म्हणून ३०० एमबीपीएसच्या पुढे ते जात नाही. तिथे "गिगाबिट असून कमी का" म्हणून तार बदलत बसू नये. खरं गिगाबिट मॉडेल ४ पासून.

व्होल्टेज तपासायला 'व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड' चालवा. गेट आणि थ्रॉटल्ड यांच्यामध्ये अंडरस्कोअर. उत्तर ०एक्स० आलं तर वीज ठीक. ०एक्स५०००० म्हणजे चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, ०एक्स५०००५ म्हणजे आत्ताही पडलेलं आहे. उंबरठा ४.६३ व्होल्टचा. मल्टिमीटर असेल तर जीपीआयओच्या (बोर्डवरच्या पिनांच्या रांगेतल्या) पिन २ आणि पिन ६ यांच्यामध्ये मोजा आणि मोजताना पायला काम द्या, कारण रिकामा पाय कमी करंट ओढतो आणि आकडा चांगला दिसतो. मोबाइलचा चार्जर आणि त्याची बारीक केबल हे नेहमीचे आरोपी. मॉडेल ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपियर, मॉडेल ४ ला ३ अँपियर, मॉडेल ५ ला ५ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हाच लॅन तुटत असेल, तर आधी अ‍ॅडॉप्टर बदला. चांगला अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत निभावून नेतो. स्वस्तातला नेत नाही.

आता तार. निम्म्याहून अधिक भानगडी इथेच असतात, म्हणून इथे घाई करू नये.

१०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात: पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. पण वेग ठरवण्याची बोलणी होतात ती त्याच दोन जोड्यांवरून, १-२ आणि ३-६. समजा पिन ७ ची तार कनेक्टरमध्ये नीट बसलेली नाही. मॉडेल ४ आणि गिगाबिट स्विच (अनेक लॅनच्या तारा जोडणारी डबी) एकमेकांना सांगतात, "मला गिगाबिट जमतं." दोघेही कबूल होतात आणि चारही जोड्यांवर गाठ बांधायला जातात, तर चौथी जोडी गैरहजर. गाठ सुटते, पुन्हा बोलणी, पुन्हा कबुली, पुन्हा सुटणं. दिवा लागतो-विझतो-लागतो आणि 'डीमेसेज' (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी, रेघा सोडून; सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड) मध्ये 'लिंक इज अप', 'लिंक इज डाउन' अशी रांग लागते. काही चिप दोन-चार प्रयत्नांनंतर शहाण्या होऊन १०० वर उतरतात, काही तशाच झगडत राहतात. त्याच तारेला मॉडेल ३-बी लावला तर तो मुकाट चालतो, कारण त्याला मुळात चारच तारा हव्यात. मग निष्कर्ष निघतो की जुना पाय चांगला, नवा खराब, आणि नवा पाय दुकानात परत जातो. दुकानदाराच्या टेबलावर, त्याच्या चांगल्या तारेवर, तो अर्थातच चालतो.

म्हणून दिवा सोडा, वेग वाचा. 'ईथटूल ईथ-०' मध्ये ३-बी-प्लसपासून पुढच्या पायवर स्पीड १००० हवा. समोरचा स्विच गिगाबिट असून १०० दिसत असेल, तर ४, ५, ७, ८ यांपैकी कुठेतरी खोट आहे असं धरून चाला. ईथटूल नसेल आणि नेटच बंद असल्यामुळे टाकताही येत नसेल, तर सिस, क्लास, नेट, ईथ-० या फोल्डरांमधली स्पीड नावाची फाइल 'कॅट' करून वाचा, तोच आकडा मिळतो.

तार आज बदलता येत नसेल तर वेग खाली बांधून घ्या: 'ईथटूल -एस ईथ-० स्पीड १०० डुप्लेक्स फुल ऑटोनेग ऑन'. शेवटचं 'ऑन', म्हणजे वेगाची बोलणी चालू, हे महत्त्वाचं. बरेच जण तिथे 'ऑफ' करतात. मग समोरच्या स्विचला डुप्लेक्सबद्दल (बोलणं-ऐकणं एकाच वेळी की आळीपाळीने) काही कळत नाही आणि तो नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स, म्हणजे आळीपाळीचं, धरतो. पिंग (समोरून उत्तर येतं का हे बघणारी छोटी हाक) सुरळीत जातो, फाइल मात्र गोगलगायीसारखी सरकते, आणि हा दोष शोधायला दोन दिवस जातात. ही कमांड रीबूटनंतर पुसली जाते हेही लक्षात असू द्या.

क्रिंपिंगचा (तारा कनेक्टरमध्ये दाबून बसवण्याचा) रंगक्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा: नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. क्रॉस केबलची गरज उरलेली नाही, पायची चिप दिशा स्वतः ओळखते. गावोगावी एक 'सोपा' क्रम फार चालतो: नारंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, सरळ ओळीने. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे आठ दिव्यांचा टेस्टर एक ते आठ छान मोजून दाखवतो आणि सगळे खूश. पण पिन ३ आणि ६ वर या क्रमात एक तार हिरव्या जोडीतली आणि दुसरी निळ्या जोडीतली येते. एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन तारांनीच बाहेरचा गोंगाट कापला जातो. इथे पीळच उरत नाही. दोन मीटरवर चालतं, तीस-चाळीस मीटरवर डेटाची पाकिटं फाटायला लागतात. साधा टेस्टर हे कधीच पकडणार नाही. कनेक्टरच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून रंग डोळ्यांनी बघणं हाच उपाय.

कनेक्टरच्या आत पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या खाचेखाली दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण आठ नाजूक तारांवर येतो. क्लिप तुटलेला कनेक्टर तर वापरूच नका. जिनिंगमध्ये कापसाचा तूस आणि धूळ जॅकमध्ये जाऊन बसते. वीज बंद करून हवेचा हलका फवारा आणि मऊ ब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढं पुरतं.

मग येतो तारेचा धातू. सीसीटीव्हीसाठी म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या ३०५ मीटरच्या बॉक्सात पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं आणि दोन-तीनदा वाकवलं की तुकडा पडतो. मल्टिमीटरने पक्कं करता येतं. तार दोन्हीकडून मोकळी करा, एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा, दुसऱ्या टोकाला रोध मोजा आणि मीटरच्या वायरींचा रोध वजा करा. २४ गेजच्या शुद्ध तांब्याचा रोध १०० मीटरला साधारण ८.४ ओहम. ६० मीटरच्या ओढीत जाऊन-येऊन १२० मीटर होतात, म्हणजे १० ओहमच्या आसपास यायला हवेत. १५-१६ आले तर ते तांबं नव्हे. अख्खा बॉक्स विकत घेताना दोन्ही टोकं हाताशीच असतात: तांबं असेल तर एका जोडीला ५१ ओहमच्या जवळपास, मुलाम्याचं असेल तर ऐंशीच्या घरात. दुकानात मीटर घेऊन जायला लाजू नये.

१०० मीटर ही पॅच केबलसकट मर्यादा आहे. शेतातली ओढ मोजताना लोक जमिनीवरचं अंतर धरतात आणि खांबावर चढणं-उतरणं विसरतात.

मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपात लॅन घातलं असेल तर स्टार्टर बसला की चुका वाढतात. 'आयपी -एस -एस लिंक शो ईथ-०' मध्ये सीआरसीचा (बिघडून आलेल्या पाकिटांचा) आकडा लिहून ठेवा, मोटार चालू करा, पाच मिनिटांनी पुन्हा बघा. आकडा हलला तर दोन्ही तारांमध्ये फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. मोटार बंद असतानाही आकडा वाढत असेल तर दोष कनेक्टरचा किंवा आधी सांगितलेल्या 'सोप्या' क्रमाने फुटलेल्या जोड्यांचा.

३-बी-प्लसचा एक जुना खोडसाळपणा: काही स्विचबरोबर वीज बचतीच्या सोयीमुळे लिंक अधूनमधून सुटते. कॉन्फिग डॉट टीएक्सटी या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डीटीपॅरम=ईईई=ऑफ' ही ओळ टाकली की थांबते.

खेड्यांत नेट पुष्कळदा छपरावरच्या बिनतारी जोडणीच्या रेडिओवरून येतं. त्याच्या खालच्या काळ्या डबीला दोन पोर्ट असतात, एकावर पीओई (लॅनच्या तारेतूनच वीज देणारं), दुसऱ्यावर लॅन. पाय फक्त लॅनच्या पोर्टला लावायचा. नियमातला पीओई स्विच समोर कोण आहे हे विचारून मगच वीज सोडतो. ही साधी डबी विचारत नाही, ४-५ आणि ७-८ वर थेट २४ व्होल्ट ओतत राहते. जॅकच्या आतले बारीक रोधक त्यात जळू शकतात. गंमत अशी की १-२ आणि ३-६ शाबूत राहिल्या तर पाय नंतर १०० वर चालत राहतो आणि गिगाबिट का मिळत नाही हे कोडं मागे उरतं.

तार आणि वेग ठीक असेल तर पत्ता. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजरकडे गेला. डीएचसीपीसीडी या आधीच्या प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्टॅटिक (कायमचा ठरवलेला) पत्ता लिहा असं सांगणारी जुनी माहिती इथे लागूच होत नाही. फाइलमध्ये काहीही लिहा, कोणी वाचत नाही. 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' ने कनेक्शनचं नाव बघा आणि 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय' ने बदला. पत्ता, गेटवे (बाहेर जाण्याच्या वाटेचा पत्ता), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) आणि मेथड मॅन्युअल, हे चारही एकाच कमांडमध्ये द्या. जुन्या सिस्टिमवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने पत्ता दिलेला नाही, पायने आपलाच काहीतरी धरलाय.

लाइट जाऊन आल्यावर नेट येत नाही, याचं कारण बरेचदा निव्वळ घाई असते. पाय अर्ध्या मिनिटात उठतो; फायबरचं मोडेम आणि राउटर सावकाश. नेटवर्कमॅनेजर पत्त्यासाठी ४५ सेकंद थांबतो, असे चार प्रयत्न करतो आणि मग पाच मिनिटं गप्प बसतो. पाय थेट राउटरला असेल तर राउटर उठताना लिंक पडते-चढते आणि त्याला जाग येते. मध्ये इन्व्हर्टरवर चालणारा लॅनचा स्विच असेल तर लिंक हलतच नाही आणि तो खुशाल बसून राहतो. 'कनेक्शन डॉट ऑटोकनेक्ट-रिट्राइज' हे ० करा. इथे शून्य म्हणजे कायम प्रयत्न करत राहा.

स्टॅटिक पत्ता देताना तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा द्या. कॅमेऱ्यांचे कारखान्यातून येणारे पत्ते बरेचदा १९२.१६८.१.६४ किंवा १९२.१६८.१.१०८ असतात. नेमका तोच पायला दिला आणि उद्या कोणी नवा कॅमेरा लावला, की दोघंही लंगडतात. घरात दोन राउटर असतील तर दुसऱ्याची पत्ते वाटण्याची सोय बंद करा.

वायफाय आणि तार दोन्ही चालू असतील तर 'आयपी रूट' बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तारेच्या वाटेला मेट्रिक (पसंतीचा आकडा) १००, वायफायच्या ६००. कमी आकडा जिंकतो. तार जर इंटरनेट नसलेल्या कॅमेऱ्यांच्या जाळ्यात गेली असेल आणि तिथल्या रेकॉर्डरने गेटवे दिला असेल, तर पाय सगळं बोलणं त्या आंधळ्या गल्लीत पाठवतो. त्या कनेक्शनवर 'आयपीव्ही४ डॉट नेव्हर-डिफॉल्ट येस' करा.

गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग जातो पण साइट उघडत नाही, तर डीएनएस. तेही ठीक असून साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राच्या चुका येत असतील तर 'टाइमडेटसीटीएल' चालवून घड्याळ बघा. मॉडेल ४ पर्यंत पायमध्ये घड्याळच नाही आणि मॉडेल ५ मध्ये असलं तरी त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. रात्रभर लाइट नसली तर सकाळी पाय कालच्याच तारखेत उठतो, आणि वेळ जुळवण्याचं यूडीपी १२३ पोर्ट अडवलेलं असेल तर तिथेच अडकून पडतो.

उन्हाळा हा इथला वेगळा विषय. जळगाव-भुसावळात वैशाखात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमधल्या बंद लोखंडी पेटीत त्याहून बराच जास्त. पायचा प्रोसेसर ८० अंशांना वेग कमी करून तग धरतो, पण पाच पोर्टच्या साध्या स्विचच्या खोक्यावर चालण्याची मर्यादा बहुधा ४० अंश छापलेली असते. दुपारी दोन ते पाच नेट जातं आणि रात्री आपोआप येतं, असं असेल तर पाय सोडा, स्विचला हात लावून बघा. पेटी उत्तरेच्या भिंतीला लावा, खाली आणि वर जाळी ठेवा, अ‍ॅडॉप्टर पेटीबाहेर काढा.

जूनच्या सुरुवातीला गडगडाट सुरू झाला की घरापासून शेडपर्यंत उघड्यावरून गेलेली तांब्याची तार अँटेनासारखी वागते. वीज थेट पडायची गरज नाही, जवळ पडली तरी पोर्ट जातं. दोन्ही टोकांना अर्थिंग केलेली शिल्डेड (धातूचं कवच असलेली) केबल दोन इमारतींमध्ये टाकली तर दोन अर्थिंगमधल्या फरकाचा करंट तिच्यातून वाहतो. तो उपाय नव्हे. उघड्यावरच्या ओढीला फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल प्रकाशात बदलणाऱ्या डब्या) हाच खरा मार्ग. एका धाग्यावर चालणारे घेत असाल तर एक ए आणि एक बी घ्या. दोन्ही ए लावले तर दोघंही १३१० नॅनोमीटरवर बोलतात, ऐकणारा कोणीच नाही. पॉवरचा दिवा तेवढा दोन्हींवर झकास लागतो.

चांगली तार, चांगला अ‍ॅडॉप्टर, दुसरं पोर्ट, नव्याने लिहिलेलं मेमरी कार्ड, हे सगळं करूनही 'नो-कॅरियर' गेलं नाही, तर पायचं पोर्ट मेलं असं मानायला हरकत नाही. बोर्ड फेकू नका. यूएसबीचं गिगाबिट लॅन अ‍ॅडॉप्टर घ्या, आत आरटीएल८१५३ चिप असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) असतो. मॉडेल ४ वर ते निळ्या यूएसबीत लावा. नाव ईथ-१ येईल आणि मॅक पत्ता (लॅन चिपचा ओळख क्रमांक) बदलेल. राउटरमध्ये पायसाठी पत्ता राखून ठेवला असेल तर तिथे नवा मॅक टाका, आणि जुनं स्टॅटिक कनेक्शन ईथ-० ला बांधलेलं असेल तर ते काढून ईथ-१ वर नव्याने करा.